कारखान्यांचा परिसर राष्ट्रीय उद्यान कसा होतो? कायद्याविषयी पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पुण्यातील जुन्या गिरण्या, कारागिरांच्या आळ्या आणि नदीकाठचे कारखाने पाहत आमची पायी फेरी निघते. फेरी संपून सगळे चहाला थांबले की एक विषय हमखास निघतो : अमेरिकेत म्हणे अशा कारखान्यांची राष्ट्रीय उद्याने करतात, मग आपल्याकडे ते का होत नाही? या विषयावर वेळोवेळी विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आधी अमेरिकेतील कायदे, मग भारतातील तरतुदी आणि त्यानंतर पुणे असा क्रम ठेवला आहे. जेथे माझे मत आहे तेथे ते माझेच आहे, हे वाचताना लक्षात येईल.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे जंगल. कारखाना त्यात कसा बसतो?

आपल्याकडे तो बसत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ नुसार एखाद्या क्षेत्राचे पर्यावरणीय, प्राणिविषयक, वनस्पतिविषयक किंवा भूरूपविषयक महत्त्व पाहून राज्य सरकार ते राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करते. चांदोली किंवा ताडोबा ही नावे आपल्याला याच अर्थाने परिचित आहेत. या व्याख्येत धुराडे, बॉयलर किंवा कामगारांची चाळ येण्यास वावच नाही.

अमेरिकेत १९१६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे जंगले आणि दऱ्याखोरी तर आहेतच, पण त्यांबरोबर रणांगणे, राष्ट्राध्यक्षांची जन्मघरे आणि कारखान्यांची गावेही आहेत. यांपैकी ज्या ठिकाणी एकापेक्षा अधिक वास्तू आणि मोठा परिसर मिळून इतिहास सांगतात, त्यांना बहुधा ‘राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’ हा दर्जा दिला जातो आणि तो देण्यासाठी अमेरिकी काँग्रेसला कायदा मंजूर करावा लागतो. मराठीत ‘उद्यान’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सारसबाग उभी राहते, त्यामुळे हा सगळा गोंधळ होतो. येथे उद्यान याचा अर्थ कायद्याने आखलेली हद्द आणि त्या हद्दीत जतन करण्याची व इतिहास सांगण्याची सरकारवर टाकलेली जबाबदारी, एवढाच घ्यावा.

अशा कायद्याचे पहिले ठळक उदाहरण कोणते?

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल हे शहर. मेरिमॅक नदीला तेथे पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे ३२ फुटांचा उतार मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस होड्यांना तो धबधबा टाळता यावा म्हणून एक कालवा खणलेला होता. १८२० च्या दशकात बॉस्टनच्या भांडवलदारांनी तो विकत घेतला, त्याला फाटे काढले आणि प्रत्येक फाट्यावर कापडगिरण्या उभ्या केल्या. आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली तेथे कामाला आल्या, कंपनीच्या वसतिगृहांत राहिल्या आणि १८३४ व १८३६ मध्ये त्यांनी संपही केले. त्या गिरण्यांत विणला जाणारा कापूस दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला असे. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तो कापूस अडला, तेव्हा आपल्याकडे खानदेश-वऱ्हाडातील कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. म्हणजे लोवेलची गोष्ट दिसते तितकी परकी नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि शहर ओस पडले. १९६० च्या सुमारास नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली गिरण्या आणि कामगारांची घरे पाडली जाऊ लागली, तेव्हा पॅट्रिक मोगन या स्थानिक शिक्षकाने शहर हेच संग्रहालय मानावे अशी कल्पना मांडली. ती बराच काळ हसण्यावारी नेली गेली. शेवटी काँग्रेस सदस्य पॉल त्सोंगस यांनी विधेयकाचा पाठपुरावा केला आणि ५ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने लोवेल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा कायदा झाला.

त्या कायद्यात नेमके काय होते?

या कायद्याची रचना मला त्याच्या हेतूपेक्षाही महत्त्वाची वाटते. त्यात हद्दी एक नव्हे तर दोन आखल्या होत्या. आतली हद्द उद्यानाची होती, तेथे उद्यान सेवा स्वतः काम करणार होती. तिच्याभोवतीची मोठी हद्द जतन क्षेत्राची होती आणि तेथील बहुतेक मिळकती खासगीच राहणार होत्या. या दुसऱ्या हद्दीसाठी लोवेल ऐतिहासिक जतन आयोग नेमण्यात आला. मालकांना डागडुजीसाठी अनुदान व कर्ज देणे, नवे बांधकाम जुन्याला शोभेल यासाठी निकष ठरवणे आणि कामगारांच्या निरनिराळ्या समाजांच्या संस्कृतीचे उपक्रम चालवणे ही कामे आयोगाकडे होती. आयोगाला आयुष्य दिले होते दहा वर्षांचे. पुढे ते वाढवून १९९५ पर्यंत नेण्यात आले आणि मग आयोग खरोखरच विसर्जित झाला. सरकारी समिती नेमली की ती अमरपट्टा घेऊनच येते, अशी आपली समजूत असल्यामुळे हा तपशील मुद्दाम सांगावासा वाटतो.

जतनाचा विषय तेथे केवळ भिंतींपुरता ठेवलेला नाही. सुमारे साडेपाच मैलांचे कालवे, त्यांवरील पाण्याचे दरवाजे, गिरण्या आणि वसतिगृहे ही एकच व्यवस्था आहे असे मानून तिचे जतन केले जाते. बूट कॉटन मिल्समधील संग्रहालयात ८८ यंत्रमागांचे विणकाम खाते उभे केले असून त्यातील काही माग प्रत्यक्ष चालवले जातात. त्यांच्या आवाजामुळे पाहुण्यांना कानात घालायला बोळे दिले जातात. कामगाराने दिवसभर काय सोसले असेल, हे फलक वाचून कळत नाही ते तेथे दोन मिनिटांत कळते.

कायदा मंजूर झाला की उद्यान सुरू होते का?

प्रत्येक वेळी नाही. यासाठी न्यू जर्सीतील पॅटरसनचे उदाहरण पाहावे, कारण आपल्या परिस्थितीला तेच अधिक जवळचे आहे.

पसेक नदीचा ७७ फुटांचा धबधबा पाहून अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये ‘उपयुक्त वस्तुनिर्माण संस्था’ उभी केली आणि नव्या स्वतंत्र राष्ट्राने इंग्लंडच्या मालावर अवलंबून राहू नये म्हणून तेथे कारखान्यांचे शहर वसवले. कापड, कागद, कोल्टची पिस्तुले, आगगाडीची इंजिने आणि शेवटी रेशीम असे एकामागून एक उद्योग त्याच पाण्यावर चालले. १९१३ मध्ये रेशीम कामगारांनी तेथे पाच महिने संप केला. आठ तासांचा दिवस मिळावा आणि एका विणकराच्या गळ्यात चार माग मारू नयेत, या त्यांच्या मागण्या होत्या.

या परिसराला १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. मान मिळाला तरी संरक्षण मिळाले नाही, कारण त्या दर्जाने खासगी मालकावर फारसे बंधन येत नाही. १९८० च्या दशकात तेथील मोठ्या कापड-छपाई कारखान्याला आगी लागल्या आणि आतल्या जुन्या वास्तूंचे नुसते सांगाडे उरले. पुढे उद्यानाची मागणी झाली, तेव्हा उद्यान सेवेने स्वतःच अभ्यास करून विरोध दर्शवला. उद्योगाचा हा इतिहास लोवेलसारख्या ठिकाणी आधीच सांगितला जातो, असे तिचे म्हणणे होते. काँग्रेसने ते ऐकले नाही. ३० मार्च २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या सार्वजनिक जमिनींच्या मोठ्या एकत्रित कायद्यात पॅटरसनचे कलम होते.

तरीही उद्यान स्थापन झाले ते ७ नोव्हेंबर २०११ रोजी. पुरेशी जमीन आणि मिळकती देणगीच्या रूपाने मिळण्याचा लेखी करार झाल्याशिवाय उद्यान अस्तित्वात येणार नाही, अशी अट कायद्यातच होती. शहराने आपला वाटा लिहून दिल्यावर मगच फलक लागला. घोषणा आधी आणि जमीन मागाहून, या पद्धतीने आपल्याकडे कितीतरी स्मारकांची भूमिपूजने उरकली आहेत. त्यापेक्षा हा उलटा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

संसदेत न जाता, केवळ सरकारी घोषणेने हे साधता येत नाही का?

अमेरिकेत येते. १९०६ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात राष्ट्रीय स्मारक घोषित करू शकतात. शिकागोतील पुलमन हे रेल्वेच्या डब्यांचे कारखाना-गाव १९ फेब्रुवारी २०१५ रोजी याच मार्गाने संरक्षित झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याने त्याचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. १८९४ मध्ये कंपनीने मजुरी कापली पण आपल्याच मालकीच्या घरांची भाडी तशीच ठेवली, त्यावरून पेटलेला देशव्यापी संप हे पुलमनचे खरे महत्त्व. मात्र तेथील घरे घोषणेमुळे वाचली असे समजू नये. १९६० मध्ये ती पाडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवासी संघटित झाले म्हणून ती वाचली आणि घोषणा त्यानंतर ५५ वर्षांनी झाली.

हद्दीतील खासगी मालकांची मिळकत सरकार घेते का?

सहसा नाही. हद्दीत नाव आले म्हणून मालकी बदलत नाही आणि सरकार जे घेते ते बहुतांशी देणगीने किंवा राजीखुशीच्या विक्रीने घेते. पुलमनमधील घरांत आजही लोक राहतात.

उद्यानामुळे गरीब रहिवासी बाहेर फेकले जात नाहीत का?

हा धोका खरा आहे. जुन्या गिरण्यांत महागडी घरे आणि कचेऱ्या येतात, आसपासची भाडी चढतात आणि ज्यांच्या आजोबांनी तेथे घाम गाळला त्यांनाच ती परवडत नाहीत. लोवेलच्या कायद्याने आयोगाला सांस्कृतिक काम दिले, पण भाड्यावर नियंत्रण दिले नव्हते. शिवाय लोवेल सावरले त्याचे सगळे श्रेय उद्यानाला देणेही योग्य नाही. त्याच काळात वांग ही संगणक कंपनी तेथे आली होती, तिने हजारोंना काम दिले आणि १९९२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केल्यावर शहराला पुन्हा झळ बसली. वारसा जपल्याने रोजगार आपोआप येतो असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा मी हा दाखला देतो.

भारतात अशा परिसरासाठी कोणता कायदा लागू पडतो?

नेमका असा कायदा नाही. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ नुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित होऊ शकते. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. शनिवारवाड्याजवळ घर असलेल्या कोणालाही हे आकडे तोंडपाठ असतात, कारण जुन्या वाड्याची दुरुस्तीसुद्धा त्या परवानगीत अडकते.

औद्योगिक परिसराला हा कायदा दोन कारणांनी तोकडा पडतो. पहिले कारण वयाचे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ चा आहे. स्वतंत्र भारताने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिन तयार करण्यासाठी तो उभारला. या कायद्याच्या हिशेबाने तो २०५४ पर्यंत ‘प्राचीन’ होत नाही. कारखान्याचे आयुष्य मंदिराइतके नसते. यंत्रे भंगारात जातात, छपराचे पत्रे निघतात आणि जमिनीला भाव आला की शंभरी गाठण्याच्या कितीतरी आधी सगळे सपाट होते.

दुसरे कारण असे की हा कायदा एका वास्तूभोवती कुंपण घालतो. लोवेलमध्ये जसे कालवा, गिरणी आणि वसतिगृह हे एकत्र मिळून वारसा ठरले, तसे ठरवण्याची सोय येथे नाही. एखादी इमारत घोषित केली तर तिच्याभोवती चालू असलेले काम मनाईच्या कक्षेत सापडेल. जिवंत कारागिरीच्या आळीला हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल.

केंद्राने कायदा करावा की राज्याने?

राज्यघटनेत हा विषय तीन ठिकाणी विभागला आहे. संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारके संघसूचीतील ६७ व्या नोंदीत, इतर प्राचीन स्मारके राज्यसूचीतील १२ व्या नोंदीत आणि राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीतील ४० व्या नोंदीत येतात. जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे दोन्ही विषय राज्याचे आहेत. औद्योगिक परिसर म्हणजे मुख्यतः जमीन, तिचा वापर आणि महापालिका, त्यामुळे माझ्या मते हे काम विधिमंडळाचे आहे.

केंद्राचाच कायदा हवा असेल तर अनुच्छेद २५२ ची वाट आहे. दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव केल्यास राज्याच्या विषयावरही संसद कायदा करू शकते. वर उल्लेख केलेला १९७२ चा वन्यजीव कायदा मुळात असाच झाला. महाराष्ट्र, गुजरात आणि तामिळनाडू या जुन्या गिरण्यांच्या राज्यांनी मनावर घेतले तर अशक्य काही नाही, पण मनावर घेण्याची चिन्हे सध्या दिसत नाहीत.

एकाच जागेसाठी स्वतंत्र कायदा होऊ शकतो का?

होऊ शकतो आणि झालेला आहे. जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारक अधिनियम, १९५१ हा संसदेने एका जागेसाठी केलेला कायदा आहे. परिसराच्या दृष्टीने अधिक उपयोगी दाखला कर्नाटकाचा आहे. हंपी जागतिक वारसा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण अधिनियम, २००२ या राज्याच्या कायद्याने स्मारके, शेते आणि वस्तीची गावे अशा संपूर्ण क्षेत्रासाठी एक प्राधिकरण नेमले. हंपीत प्राधिकरण आणि गावकरी यांच्यात कुरबुरी झाल्याच, तरीही कायद्याचा साचा उपलब्ध आहे आणि तो सीमेपलीकडे, शेजारच्या राज्यात आहे.

मुंबईच्या गिरण्यांचे असे का झाले नाही?

कायदा होता, पण तो जतनाचा नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला अशी वाटणी सांगितली होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठरली. गिरण्यांत बहुतेक जागेवर बांधकामच असल्यामुळे शहराच्या वाट्याला फारच थोडे उरले. उच्च न्यायालयाने हा बदल मानला नव्हता, परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो ग्राह्य धरला. सुमारे ६०० एकरांच्या गिरणगावाचे भवितव्य नियमातील एका शब्दाच्या अर्थावर असे पालटले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला गेला, परंतु एका गिरणीतील संग्रहालय म्हणजे गिरणगाव नव्हे. चाळ, खानावळ, भजनी मंडळ आणि भोंगा ही सगळी साखळी तोवर तुटली होती.

पुण्यात जतन करण्याजोगा औद्योगिक परिसर मुळात आहे का?

पुणे म्हणजे विद्येचे माहेरघर आणि पेन्शनरांचे शहर, या समजुतीमुळे हा प्रश्न येतो. वस्तुतः न्यायमूर्ती रानडे यांच्या भोवतीच्या मंडळींनी १८९० च्या सुमारास येथे औद्योगिक परिषदा भरवल्या आणि त्याच वर्षी औद्योगिक वस्तूंचे संग्रहालय सुरू झाले. पुढे त्याला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले आणि आज घोले रस्त्यावर ते महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. मुंढव्याला नदीकाठी डेक्कन पेपर मिल १८८५ ची. स्टेशनजवळची राजा बहादूर मिल १८९३ ची, तिच्या जुन्या शेडांत आता हॉटेले आणि कचेऱ्या आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा असून तो आजही चालू आहे. संरक्षण खात्याची जागा असल्याने तेथे पाहुण्यांचा प्रश्नच उद्भवत नाही, पण कुंपणामुळे तो परिसर बिल्डरांपासून सुरक्षित राहिला, हेही मान्य करावे लागते.

मात्र लोवेलच्या अर्थाने ‘परिसर’ म्हणावा अशी जागा माझ्या मते एकच आहे, ती म्हणजे कसब्यातील तांबट आळी. तेथे कारखाना नावाची इमारत नाही. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना घरे, तळमजल्यावर काम आणि माडीवर संसार. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर हंडा पालथा घालून तांबट त्यावर एकाच जोराचे, एकमेकांना खेटून घाव घालत जातो. त्या घावांनी पत्रा घट्ट होतो आणि अंगावर खवल्यांसारखी चमक उठते, याला मठारकाम म्हणतात. एका फेरीत मी तेथील एका वयस्क कारागिराला विचारले की घाव चुकला हे कसे कळते. ते म्हणाले, “बघायचं नसतं, ऐकायचं असतं. आवाज फाटला की हात थांबवायचा.” त्या बोळात आधी बंब, घंगाळे आणि कळश्या होत, आता शोभेच्या वस्तूंची मागणी अधिक आहे. हा वारसा भिंतीत नसून कानात आणि मनगटात आहे, त्यामुळे इमारतीची यादी करणारा कोणताही कायदा त्याला हात लावू शकत नाही.

महापालिकेची वारसा यादी आणि श्रेणी पुरेशी नाही का?

ती उपयोगी आहे, पुरेशी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० मध्ये वारसा वास्तू आणि वारसा परिसर या दोन्हींची तरतूद आहे, श्रेणी एक ते तीन आहेत, वारसा समितीचा सल्ला आहे आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची सोयही आहे. अडचण तीन ठिकाणी येते. यादीत वाडे, मंदिरे आणि सार्वजनिक इमारती सहज शिरतात, शेड आणि धुराडे मागे राहतात. एमआयडीसीच्या क्षेत्राला ही नियमावली लागूच नाही, त्यामुळे १९६२ नंतरच्या पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचा मोठा भाग तिच्या बाहेर राहतो. आणि जमिनीचा वापर औद्योगिकवरून निवासी करण्याची प्रक्रिया, जिला कचेरीत सगळे ‘आय टू आर’ म्हणतात, ती वारशाची कोणतीही नोंद न पाहता पुढे सरकू शकते. मी एकदा अशाच एका प्रकरणाची फाइल पाहायला मागितली होती. एका कचेरीत चार खेपा घातल्यावर ती मिळाली, तेव्हा त्यात जागेचा नकाशा, मोजणी आणि शुल्काच्या पावत्या सगळे व्यवस्थित होते. फक्त जागेवर काय उभे आहे याचे एकही छायाचित्र नव्हते.

पुण्यासाठी कायदा लिहायचा झाला तर त्यात काय असावे?

माझ्या हाती मसुदा दिला तर व्याख्येत मी इमारत हा शब्द पहिला घालणार नाही. पाणी किंवा वीज कोठून आली, कच्चा माल कसा आला, काम कोणी केले, ते कोठे राहिले आणि माल कोठे गेला या साखळीतील जेवढे दुवे एका हद्दीत सापडतात तो औद्योगिक परिसर, अशी व्याख्या मी करीन. वयाची अट पन्नासच्या पुढे नेणार नाही. औद्योगिक जमिनीचा वापर बदलण्याचा अर्ज आला की आधी जागेचे, यंत्रांचे आणि कामगारांच्या आठवणींचे दस्तऐवजीकरण सक्तीचे असावे आणि त्याचा खर्च अर्जदाराने द्यावा. हद्दी लोवेलप्रमाणे दोन असाव्यात, म्हणजे तांबट आळीसारख्या ठिकाणी आतल्या हद्दीत काम चालू ठेवणाऱ्याला भाडे, कोळसा-गॅस आणि मिळकतकर यांत सवलत देता येईल आणि दुकान बंद करून माडी वाढवणाऱ्याला ती मिळणार नाही. आयोगावर एक तृतीयांश जागा त्या परिसरात काम केलेल्यांच्या असाव्यात. कामगारांची बाजू नोंदवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही : पुण्यात १८७७ मध्ये सुरू झालेले ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवले आणि गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळालेल्या रविवारच्या सुटीमागे त्यांचेच श्रम होते.

सामान्य नागरिकाने आज काय करावे?

विकास आराखडा किंवा १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालील त्यातला फेरबदल प्रसिद्ध होतो, तेव्हा दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी. ‘आमचा वारसा वाचवा’ एवढेच लिहिलेला अर्ज सुनावणीत अर्ध्या मिनिटात निकाली निघतो. सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, प्रॉपर्टी कार्ड अथवा सातबाराचा उतारा, तारीख असलेली छायाचित्रे आणि कोणते कलम लावावे याची स्पष्ट मागणी असलेल्या अर्जाला उत्तर देणे भाग पडते. कारखान्यात काम केलेले कोणी घरात असतील तर त्यांचे हजेरीकार्ड, पगाराची पाकिटे आणि पिवळे पडलेले गट-छायाचित्र जपून ठेवावे आणि त्यांच्याकडून खात्यांची नावे लिहून घ्यावीत, कारण नकाशावर फक्त ‘शेड’ असे लिहिलेले असते.

तोपर्यंत पाहण्यासारखे काय आहे?

घोले रस्त्यावरील संग्रहालय पाहून मग कसब्यात जावे. तांबट आळीत सकाळी साडेदहाच्या आत पोहोचणे बरे, कारण उन्हे चढल्यावर भट्टीपाशी उभे राहवत नाही. बोळ सापडला नाही तर कोणाला विचारू नये, पवळे चौकापाशी थांबून ठोक्यांच्या दिशेने चालू लागावे.